माळ्यावरचा तूस

(उंबरमाळीजवळ, डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. कौलारू घराचं अंगण, मार्गशीर्षातली दुपार. गुणा ही या घराची म्हातारी. तिचा मुलगा शेखर तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मागे त्याची बायको अनिता आणि मुलगी भाविका राहिल्या. अनिताशी सुरेंद्रनं लग्न केलं, आणि तो याच घरात राहायला आला. गुणा आणि सुरेंद्र भाताच्या तुसानं गोणी भरतायत.)

सुरेंद्र : म्हंजे तुमी तिला अजून सांगितलंच नाय.

गुणा : गोणीचं तोंड नीट धर. सगळा तूस बाहेर सांडतोय.

सुरेंद्र : मावशी, मी काय विचारतो? अनिता मुरबाडवरनं आली त्याला आठ दिवस झाले. मी तिला म्हटलं, माळ्यावरच्या गोणी उंदरांनी फाडल्या, म्हणून काढून टाकल्या. तुमी तिथंच चुलीपाशी होता. एक शब्द बोलला नाय.

गुणा : काय बोलायला पायजे होतं?

सुरेंद्र : की उंदीरबिंदीर काय नव्हता. की मी जाळल्या.

गुणा : जाळल्यास तू, तर बोलायचं पण तू. माझी माझी कामं काय कमी हायत?

सुरेंद्र : आठ दिवस मी वाट बघतोय. भाकरी वाढताना तुमी तोंड उघडलं की मी घास तसाच हातात धरून थांबतो. वाटतं, आता सांगणार. आणि तुमी म्हणता, मीठ देऊ का.

गुणा : तू चढलास कशाला वर त्या दिवशी? दिवाळी झाली, मायलेकी माहेरी गेल्या, घर मोकळं. पडायचं होतं निवांत.

सुरेंद्र : आधी नुसतं बघायला चढलो. मुरबाडला ती पोल्ट्रीची शेड केली ना, तिथला शीटचा अर्धा रोल उरला होता. ती चंदेरी शीट, पत्र्याखाली मारतात ती. मालक म्हणाला, ने तुला. मला वाटलं, थंडी पडायच्या आधी आपल्या कौलांखाली मारून टाकू. पंधरा वर्षं शेडची कामं करून कोंबड्यांना ऊब दिली, एकदा घरच्या माणसांना देऊ. मनात हिशेब असा, की जुन्या गोणी सडल्या असतील, उंदरांनी घरं केली असतील. मग त्या काढल्या तर कोण काय बोलणार? वर जाऊन एक गोण विळ्यानं फाडली. आतला तूस पिवळाधमक. नऊ वर्षं झाली, मावशी. एक किडा नाय, उंदराची एक लेंडी नाय. गोणी अशा लावलेल्या, गवंडी विटा लावतो तशा, सांध्यावर सांधा कुठं आलेला नाय. मधनं मधनं कीड लागू नये म्हणून निरगुडीचा पाला. मी कामाचा माणूस हाय, चांगलं काम दिसलं की मला कळतं. तेच बघून डोकं फिरलं. सडक्या निघाल्या असत्या तर काय झालं नसतं.

गुणा : मग दिल्यास फेकून.

सुरेंद्र : चाळीसच्या चाळीस. शेताच्या कडेला नेऊन ओतल्या आणि पेटवल्या. तूस भडकत पण नाय. दोन दिवस आतल्या आत धुमसत होता. मी मधनंमधनं जाऊन काठीनं उकरायचो. विझू नये म्हणून.

गुणा : शेखरनं तुझं काय वाईट केलं होतं रे? तू त्याला बघितलं पण नाय.

सुरेंद्र : तेच तर. बघितलं असतं तर बरं होतं. चार चुका दिसल्या असत्या. इथं आल्यापासून मी फक्त त्याची चांगली कामं बघतोय. गोठ्याची कडी त्यानं बसवलेली, ओट्याची पायरी त्यानं केलेली. भिंतीतली खुंटी त्याची, म्हणून मी माझा शर्ट खिडकीच्या गजाला अडकवतो. ते सगळं मी चालवून घेतलं, मावशी, खरंच घेतलं. कसाऱ्याला चहाच्या टपरीवर एक जण मला ओळखून म्हणाला, हां हां, शेखरच्या घरात राहतो तो तू. मी हसलो, चहा पिऊन आलो. त्याचं पण काय नाय.

गुणा : मग कशाचं हाय?

सुरेंद्र : तुमाला कसं सांगायचं ते?

गुणा : पाठ फिरवून सांग. मी गोणीत बघते.

सुरेंद्र : लग्न झालं तेव्हा माघ होता. घाटातनं वारा सुटलेला. आमच्या धसईला थंडी पडते, पण इथली हाडात शिरते. मी पडवीतनं आत आलो आणि आतली खोली अशी ऊबदार. मी तिला म्हटलं, बरी गरम हाय गो ही खोली. ती म्हणाली, शेखरनं केलंय ते, वर माळ्यावर तूस भरलाय. आणि हसली. मावशी, लग्न ठरल्यापासून ती हसलेली मी बघितली नव्हती. देवळात हार घालताना नाय, फोटोत नाय. पयल्यांदा हसली ती त्याचं नाव घेऊन. मग उताणी पडून वर बघत राहिली. मी पण बघितलं. फळ्या होत्या नुसत्या. तेव्हापासून मला पाठीवर झोप येत नाय. पाठीवर झोपलं की डोक्यावर तो. मी कुशीवर झोपतो.

गुणा : दहा महिने?

सुरेंद्र : दहा महिने. माणूस जिवंत असता तर त्याच्याशी बरोबरी केली असती, नायतर भांडलो असतो. ह्याच्याशी काय करायचं? हा आता कधीच काय चुकणार नाय.

गुणा : आणि तुझी शीट?

सुरेंद्र : ते तुमी बघितलंच की. शेडमधे खाली शेगड्या असतात, बल्ब असतात, चारी बाजूंनी पडदे सोडलेले. तिथली ऊब शीट धरून ठेवते. इथं धरायला ऊबच नाय. वळचणीतनं वारा येतो, शीट रात्रभर फडफडते. पहाटे तिच्यावर दव धरतं आणि फळ्यांच्या फटीतनं टपटप खाली पडतं. सोमवारी भाविकाची गोधडी भिजली. पोर खोकायला लागली. अनितानं पोरीची वळकटी उचलली आणि तुमच्याकडं आणून टाकली. ती ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, आणि सगळं बाहेर पडलं असतं. ती पुसायला फडकं घेऊन आली.

गुणा : म्हणून काल शीट काढलीस.

सुरेंद्र : काढली. आणि आज पहाटे टेम्पो घेऊन धसईच्या गिरणीवर गेलो. गिरणीवाला ओळखीचा. त्यानं विचारलं, एवढा तूस कशाला, विटा भाजायच्यात का? मी हां म्हणालो. तिथं पण खोटंच.

गुणा : ही गोण झाली. दुसरी घे. गच्च नको भरू. शेखर सांगायचा, सैल भरायची. दाबून भरली की ऊब राहत नाय.

सुरेंद्र : त्याला कोणी शिकवलं हे?

गुणा : बर्फानं. आसनगावकडं बर्फाचा कारखाना होता, तिथं तो कामाला जायचा. उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या तुसात पुरून ठेवायचे. घरी येऊन म्हणाला, आई, मे महिन्यात बर्फ वितळत नाय त्यात. म्हंजे बाहेरचं आत जात नाय नि आतलं बाहेर येत नाय. मग पौषात माणसाला का नाय घालायचा? मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. अनिताला तेव्हा सातवा लागला होता. बाळंतपण पौषातलं. त्यानं खताच्या रिकाम्या गोणी गावभर फिरून मागून आणल्या, ओहळावर धुतल्या, ह्याच अंगणात वाळवल्या. भरायचा तो आणि शिवायची ती.

सुरेंद्र : कोण?

गुणा : अनिता. दाभण घेऊन तिथं तुळशीपाशी बसायची, पोट एवढं पुढं. चाळीस गोणींची तोंडं तिनं शिवली. सुतळीनं बोटं सोलून निघाली होती.

सुरेंद्र : हे मला कोणी सांगितलं नाय.

गुणा : तू विचारलंस कधी? शेखरचं नाव निघालं की तू उठून बैलाला पाणी दाखवायला जातोस. बैल फुगला पाणी पिऊन.

सुरेंद्र : मी सुतळ्या कापल्या, मावशी. विळ्यानं. टाका बघितला मी. बारीक, सारखा टाका. त्याचाच म्हणून जास्त जोरानं कापला.

गुणा : टाका तिचाच. गोणी पण अर्ध्या तिच्या होत्या.

सुरेंद्र : तुमी ओट्यावर बसला होता. मी गोणी पाठीवर टाकून तुमच्या समोरनं नेल्या. चाळीस खेपा. तुमाला माहीत होतं हे सगळं. मला अडवलं का नाय? तुमच्या पोराचं काम होतं ते. एकदा हाक मारली असती तर मी थांबलो असतो.

गुणा : थांबला असतास. म्हणून मारली नाय.

सुरेंद्र : म्हंजे?

गुणा : खाली बस जरा. उभ्या माणसाला सांगायची गोष्ट नाय ती. तू माळ्यावर गेलास, तेव्हा माझ्या खोलीवर किती गोणी होत्या?

सुरेंद्र : तुमच्या... पडवीच्या बाजूला? नव्हत्या. तिकडं नुसत्या फळ्या.

गुणा : नुसत्या फळ्या. नऊ वर्षं. त्या दिवसांत ती दोघं इथं बसून हसायची. तो तिच्या अंगावर तूस उडवायचा, ती त्याला दाभण दाखवायची. मी आत भाकऱ्या थापायची आणि ऐकायची. मी त्याला बावीस वर्षं एकटीनं वाढवला. त्याचा बाप गेला तेव्हा हा एवढासा. लोकांच्या लावणीला गेले, कापणीला गेले, कधी त्याच्या अंगावरची गोधडी मी माझ्यावर ओढली नाय. आणि ऊब करायची अक्कल सुचली ती बायकोसाठी. गोणी संपत आल्या तेव्हा त्यानं मला विचारलं, आई, तुझ्या खोलीवर पण घालू का? मी म्हटलं, नको बाबा, उंदीर होतील, मला सवय हाय थंडीची.

सुरेंद्र : मग तुमीच नको म्हटलं.

गुणा : एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर हां म्हणणार होते. त्यानं विचारलं नाय. पोरगं भोळं. नको म्हटलं म्हंजे नको, असं समजला. पुढं दर वर्षी थंडी आली की मला वाटायचं, यंदा विचारेल. मग कावीळ झाली आणि श्रावणात गेलाच तो. मी तिकडं पाय पोटाशी घेऊन झोपायची, आणि आतनं त्यांचा आवाज यायचा. तुला दहा महिन्यांचं वाटतं. मी सहा वर्षं आणि वर ती तीन, असा सुनेचा हेवा केलाय. तोंडानं कधी बोलले नाय. तिनं केलेल्या कालवणात मीठ कमी निघालं की मला बरं वाटायचं.

सुरेंद्र : आणि तरी तिचं दुसरं लग्न तुमीच लावलंत. लोक अजून म्हणतात, सासू असावी तर अशी.

गुणा : म्हणू दे. ती माहेरी निघून गेली असती. भाविका गेली असती तिच्याबरोबर. मग ह्या घरात मी आणि तो बैल. तुला आणला तो माझ्यासाठी आणला. त्या दिवशी तू गोणी नेत होतास ना, पयली नेलीस तेव्हा मी उठणारच होते, शेखरच्या हातची म्हणून. दुसरी नेलीस, तिसरी नेलीस. मग वाटायला लागलं, जाऊ दे. बघू दे तिला पण, नुसत्या फळ्यांखाली कसं वाटतं ते. मी ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते. सगळे सोलून झाले तरी उठले नाय.

सुरेंद्र : आता काय वाटतं?

गुणा : सोमवारपास्नं ती पोर माझ्या कुशीत झोपते. खोकते, मी छातीला तेल लावते. मला ते आवडतं, सुरेंद्र. नातीला खोकला झाला आणि मला बरं वाटतंय. काल रात्री तिनं विचारलं, आजी, तुला रोज इतकं गार लागतं? मी म्हटलं, नाय गो. तिनं तिची गोधडी माझ्या पायांवर घातली. तेव्हा माझी मला लाज वाटली. म्हणून सकाळी तू टेम्पो आणलास तशी गोणी घेऊन आले. नायतर मी कशाला आले असते भरायला?

सुरेंद्र : आज तिला सांगून टाकतो. अनिताला.

गुणा : सांग. पण माझं पण सांगशील का?

सुरेंद्र : तुमचं तुमी सांगायचं. माझी माझी कामं काय कमी हायत?

गुणा : ती बघ, अनिता आली. आज तिची अंगणवाडी लवकर सुटलेली दिसते.

अनिता : एवढा तूस कुठनं आणला?

सुरेंद्र : धसईवरनं. अनिता, बस जरा. तुला एक सांगायचंय. त्या गोणी उंदरांनी फाडल्या नव्हत्या.

अनिता : माहीत हाय मला.

सुरेंद्र : मावशींनी सांगितलं?

अनिता : आईंनी कशाला सांगायला पायजे? उंदरांनी फाडली तरी गोण ती गोणच. चार-पाच फाटतील, बाकीच्या धुऊन ठेवतात. चाळीसमधली एक पण घरात नाय. कुठल्या घरात चाळीस गोणी टाकून देतात? मग शेतावर गेले. तुमी वरनं माती ओढलीत, पण कडेला सुतळीचे तुकडे होते, अर्धे जळलेले. माझ्या हातचे टाके मला ओळखू येणार नायत?

सुरेंद्र : तू मला बोलली नाय.

अनिता : वाट बघितली. मला वाटलं, पयल्या रात्री सांगाल. मग वाटलं, शीट गळायला लागली की सांगाल. मला राग आला होता, पण त्याच्यापेक्षा जास्त हे बघायचं होतं, की हा माणूस सांगतो की नाय सांगत.

सुरेंद्र : माघात मी म्हटलं खोली गरम हाय, तेव्हा तू त्याचं नाव घेऊन हसलीस. ते माझ्या डोक्यात बसलं.

अनिता : मी हसले होते?

सुरेंद्र : हसली होतीस.

अनिता : मला आठवत नाय. पण हसले असेन. दोन वर्षं त्या खोलीत रात्री कोण काय बोललं नव्हतं. भाविका झोपायची आणि मी भिंतीकडं बघायची. तुमी म्हणालात गरम हाय, तेव्हा मला वाटलं असेल, कोणीतरी बोललं बाई. ते त्याच्यासाठी नव्हतं. पण तुमाला बरं वाटावं म्हणून खोटं नाय बोलणार. मला त्याची आठवण येते. पुढं पण येणार. ती काय तुमाला विचारून येत नाय, नि मला पण विचारत नाय.

सुरेंद्र : मी काय करू मग?

अनिता : ते मला कसं माहीत असणार? पण जाळायला नको होतं. मला म्हणाला असतात, की ह्याच्याखाली झोप येत नाय, तर मीच काढून गोठ्यावर टाकल्या असत्या. त्या तुसाचं काय एवढं नव्हतं.

गुणा : अनिता, माझं पण ऐक. मी बघत होते तो जाळायला नेत होता तेव्हा. अडवलं नाय.

अनिता : आई, तुमी घरीच होता म्हंजे तुमी बघितलंच असणार. ते पण कळलं मला.

गुणा : का अडवलं नाय ते नाय कळलं तुला.

अनिता : कळलं थोडं. सहा वर्षं मी शेखरला सांगत होते, आईंच्या खोलीवर घाला. तो म्हणायचा, ती नको म्हणाली. मी म्हणायची, परत विचारा. तो म्हणायचा, तिला राग येतो परत विचारलं की. मग मी स्वतः विचारायला पायजे होतं. नाय विचारलं. खरं सांगायचं तर मला पण वाटायचं, एक खोली तरी नुसती माझी असू दे.

गुणा : बरं झालं बोललीस.

अनिता : किती भरल्या?

सुरेंद्र : बावीस झाल्या. तूस साठ गोणींचा आणलाय. पयल्या मावशींच्या बाजूला घालतो.

गुणा : नको. पोरीला खोकला हाय, आधी आतल्या...

अनिता : आई, परत विचारते. तुमच्या खोलीवर घालायच्या का?

गुणा : घाला.

सुरेंद्र : मग शिवायला घेतो. दाभण कुठं हाय?

अनिता : थांबा. अजून एक राहिलंय. भाविकाला मी उंदराचं सांगितलं नाय.

सुरेंद्र : मग काय सांगितलंस?

अनिता : तिनं विचारलं, पप्पांच्या गोणी कुठं गेल्या. मी म्हटलं, काकांना विचार, ते सांगतील. आठ दिवस झाले, तिनं विचारलं का तुमाला?

सुरेंद्र : नाय. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाय.

अनिता : पयल्याच दिवशी आलं. मी परवा म्हटलं, विचार की, ते काय रागावणार नायत. तर म्हणाली, रागाचं नाय गो आई, काकांना वाईट वाटेल.

सुरेंद्र : असं म्हणाली?

अनिता : असं म्हणाली.

सुरेंद्र : पाचच्या एसटीनं येते ना ती?

अनिता : हां. फाट्यावर उतरते.

सुरेंद्र : मी आणतो तिला. गाडीची चावी कुठं ठेवली?

गुणा : गाडी नको नेऊ, चालत जा. गाडीवर पोर पाठीमागं बसते. काय सांगितलं नि काय ऐकलं, वाऱ्यात समजत नाय.